बारा नंबरचा पाय

आमच्या घराण्यात पैसा कधी फारसा टिकला नाही, विद्या अधूनमधून टिकली. परंतु एक गोष्ट मात्र पिढ्यान् पिढ्या अखंड चालत आली आहे, आणि ती म्हणजे पाय. आजोबांचे पाय मोठे होते, वडिलांचे मोठे होते, माझे अकरा नंबरचे आहेत, आणि आमच्या चिरंजीवांनी तर वयाच्या अठराव्या वर्षीच बारा नंबर गाठून घराण्याचे नाव पुढे नेले. सहा फूट तीन इंच उंची आणि बारा नंबरचा पाय! लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात आम्ही बापलेक शिरलो, की दुकानदार आमच्या तोंडाकडे न पाहता आधी खाली पाहतो आणि आम्ही काही विचारण्याच्या आतच सांगून टाकतो, "दहाच्या पुढे नाही, साहेब!"

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण गेल्या हिवाळ्यात चिरंजीव मित्रांबरोबर गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला गेले आणि दहाव्या दिवशी डावे मनगट मोडून घरी आले.

स्नोबोर्ड म्हणजे काय, हे मला तोपर्यंत धड ठाऊक नव्हते. मी पडलो मराठीचा मास्तर. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता! आता मात्र त्या विषयात माझी अशी काही गती झाली आहे, की स्टाफरूममधले भूगोलाचे प्राध्यापकसुद्धा मला पाहून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतात. तर स्नोबोर्ड म्हणजे एक लांबट, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली फळी. स्कीइंग करताना दोन पायांत दोन पट्ट्या असतात आणि तोंड पुढे असते. येथे दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे जखडलेले, आणि माणूस लोकलच्या दारात एका अंगाने उभा राहावा तसा उभा राहून डोंगरावरून खाली घसरत येतो. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला 'रेग्युलर' म्हणतात आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याला 'गुफी', म्हणजे जवळजवळ वेडगळच. उजवे पाऊल पुढे टाकून घरात लक्ष्मी आणणाऱ्या आपल्या लोकांना ही मोठी गंमतच वाटेल!

या फळीचा जन्म 1965 सालच्या नाताळातला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन नावाचे गाव आहे. तिथल्या शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्याच्या बायकोने त्याला 'स्नर्फर' असे नाव दिले. पुढे 1977 साली व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कार्पेंटर याने फळीवर पाय बांधण्याची सोय करून तिचा धंदाच सुरू केला, आणि 1998 साली जपानमधल्या नागानोच्या ऑलिंपिकमध्ये हा पोरखेळ रीतसर जाऊन बसला. स्कीवाल्या जुन्या मंडळींना तो अजून पुरता पचलेला नाही. युटामधल्या ऑल्टाच्या डोंगरावर या फळीला आजही मज्जाव आहे. मुलींसाठी बापाने केलेले खेळणे जगभर जाते, याचे मला कौतुक वाटले. पण ते नंतर. मनगटाला प्लॅस्टर घातलेला मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा कौतुकाचा शब्द माझ्या तोंडी नव्हता.

मी म्हणालो, "लक्ष नसतं तुझं. दुसरं काय?"

तो काही बोलला नाही. सौ. मात्र बोलली. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की आपण वरणभात खाणारी माणसे. आपल्या सात पिढ्यांत कोणी बर्फावर गेले नाही आणि आता पुन्हा कोणी जाणार नाही. विषय संपला.

विषय संपला नाही, याचे कारण एक फिल्म. त्याच्या मित्राने तो घसरत असताना मोबाइलवर टिपलेली. एका रविवारी सकाळी तो झोपलेला असताना मी ती पाहिली. मग पुन्हा पाहिली. आणि उत्तरपत्रिका तपासण्याची वीस वर्षांची खोड असल्यामुळे माझ्या लक्षात एक गोष्ट आली. तो पाच वेळा पडला होता आणि पाचही वेळा एकाच वळणावर: डोंगराकडे तोंड करून, चवड्यांवर भार देऊन वळताना. टाचांवरच्या वळणावर तो छान जात होता. एकाच जागी पाचदा चूक झाली, तर मी विद्यार्थ्याच्या बेफिकिरीला दोष देत नाही. छापील पुस्तक उघडून पाहतो. आणखी एक गोष्ट. तो पडला त्या जागी बर्फात एकच रेघ उमटायला हवी होती, फळीच्या कडेची. तिथे त्या बारीक रेघेशेजारी दुसरी एक ओबडधोबड चर होती.

तो उठल्यावर मी विचारले, "ही दुसरी रेघ कशाची?"

"बुटांची असेल."

"बूट बर्फाला कशाला लागतील? ते तर फळीवर आहेत ना?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, माझे बूट फळीच्या बाहेर येत होते. पण मास्तर म्हणाले, थोडे येतातच सगळ्यांचे."

मास्तर खोटे बोलत नव्हते. थोडे सगळ्यांचेच येतात. पण 'थोडे' म्हणजे किती, यातच सगळे आहे.

फळी वळते ती कलण्याने. तिच्या दोन्ही लांब कडांना पोलादाची पट्टी असते. चवड्यांवर भार दिला, की पुढची कड बर्फात रुतते आणि फळी त्या अंगाला वळते. आता बुटाची टोके जर कडेच्या फार बाहेर असतील, तर फळी कलताना कडेबरोबर तीही बर्फाला टेकतात. बूट टेकला, की कड वर उचलली जाते. तिची पकड सुटते आणि फळी पायाखालून निघून जाते. माणूस पुढे, हातांवर. नवशिक्यांची मनगटे सर्वांत जास्त मोडतात ती अशा पडण्यानेच. आणि यातला दुष्टपणा असा, की सौम्य उतारावर पहिले काही दिवस यातले काहीच घडत नाही. तिथे फळी फार कलवावीच लागत नाही. मुलगा जसजसा शिकत गेला, धीर येऊन जास्त जास्त कलू लागला, तसतसा अधिक पडू लागला. तो सुधारत होता म्हणून पडत होता! आणि मी त्याला सांगितले होते, "लक्ष नसतं तुझं."

हे वाक्य माझे नव्हते, हेही सांगून टाकतो. ते माझ्या वडिलांचे होते. मी नववीत असताना आमच्या शाळेत चारशे मीटरच्या शर्यतीसाठी माझी निवड झाली. पाय लांब, छाती बरी. वर्गात माझ्यापुढे कोणी जात नसे. शर्यतीला पांढरे कॅनव्हासचे बूट हवेत, असा नियम होता. गावात सर्वांत मोठे बूट मिळाले ते नऊ नंबरचे. मी बोटे आत दुमडून पळालो आणि शेवटून दुसरा आलो. ड्रिलमास्तर काय म्हणाले ते लिहिण्याजोगे नाही, घरी वडील म्हणाले, "शर्यतीला लक्ष लागतं." बुटांची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आधीच त्या बुटांना पैसे पडले होते. पुढे मी वाचनाकडे वळलो. पुढे मास्तर झालो, त्यात त्या बुटांचा वाटा किती, हे आता कोण सांगणार? पण मैदानावर मी परत गेलो नाही, एवढे खरे.

माझी धाकटी बहीण डेन्व्हरला असते. तिला फोन केला. ती तिथल्या एका बर्फाच्या सामानाच्या दुकानात गेली आणि तिने मोठ्या अभिमानाने सांगितले, की भाचा सहा फूट तीन इंच आहे. दुकानदाराने म्हणे तिकडे लक्षच दिले नाही. त्याने दोनच गोष्टी विचारल्या: वजन किती आणि तळपाय किती सेंटिमीटर?

मला ते फार आवडले. गुलमर्गला भाड्याने फळी देणाऱ्याने काय केले होते? पोराला वर-खाली पाहून, "लंबा है, लंबावाला दो," असे म्हणून हनुवटीच्या जरा खाली येणारी 162 सेंटिमीटरची फळी काढून दिली होती. फळी उभी धरायची आणि ती हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान आली की झाले, हा जुना आडाखा. तो अगदीच टाकाऊ आहे असे नाही. पण फळीला आपली उंची कळत नाही, वजन कळते. ती एक स्प्रिंग आहे. हलका माणूस लांब, ताठ फळीला वाकवू शकत नाही; जड माणूस आखूड फळीवर चढला, तर ती त्याच्याखाली थरथरते आणि ताज्या भुसभुशीत बर्फात नाक खुपसते. चिरंजीवांचे वजन 84 किलो. त्याला 160 ते 165च्या आसपासची फळी हवी होती. म्हणजे लांबी बरोबरच होती! चुकली होती ती रुंदी. आणि रुंदीकडे पाहायचे असते हे तिथे कोणाच्या मनातच आले नाही. उंच माणसाकडे लोक वरच पाहतात.

मग पाय मोजला. टाच भिंतीला लावायची, खाली कागद, दोन्ही पायांवर सारखा भार, आणि मोठ्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलीची खूण. संध्याकाळी मोजावा, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. दोन्ही मोजावेत, कारण ते जुळे नसतात. उजवा 30.7 आणि डावा 31 सेंटिमीटर भरला. मला एकदम कोल्हापूरचे चपला करणारे म्हातारबाबा आठवले. वडिलांचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून ते पेन्सिल फिरवत. ना नंबर, ना आकडा. पाय हेच माप. बर्फाच्या बुटांची जगभरची पद्धत नेमकी तीच निघाली. तिला 'माँडोपॉइंट' म्हणतात. पाय 31 सेंटिमीटर, तर बूट 31. आपण दुकानात जो 'बारा' म्हणतो तो इंग्रजी नंबर, आणि त्यातला एकेक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग; जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुल होतेच. म्हणजे माझा मुलगा माझ्यापेक्षा एका जवाने मोठा!

बूट आधी, फळी मागून, असे दुकानदाराने बजावले. आणि येथे आमची एक खास मराठी खोड आडवी आली. आपण सारे 'वाढत्या अंगाच्या' कपड्यांत वाढलो. बूट एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस कोंबायचा. मोठ्या पायाच्या माणसाला तर मोठा बूट मिळाला याचाच एवढा आनंद होतो, की तो ढिला आहे हे त्याला दिसत नाही. या खेळात ते चालत नाही. सरळ उभे राहिल्यावर बोटे बुटाला पुढे अलगद टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती आपोआप मागे येतात. टाच आत उचलली जाता कामा नये. शिवाय हल्ली असे बूट निघाले आहेत, की आतून पाय तेवढाच, पण बाहेरचा तळवा आखूड. जुन्या धर्तीचा जाड बूट पायापेक्षा तीनेक सेंटिमीटर सहज मोठा असतो. हा नवा एकाने.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी बैठकीच्या खोलीतली सतरंजी गुंडाळली आणि रांगोळीने फरशीवर फळी काढली. सौ. दारात उभी राहून पाहत होती.

"हे काय नवीन?"

"हिशेब."

फळीच्या मधल्या, अरुंद भागाला कंबर म्हणतात. गुलमर्गच्या फळीसारख्या साध्या फळीची कंबर साडेपंचवीस सेंटिमीटरच्या जवळपास असते. पाय कंबरेच्या दोन्ही बाजूंना, जरा रुंद जागी असतात. तिथे साडेसव्वीस धरा. जुना बूट 34. मागचा पाय त्याने सरळ आडवा बांधला होता. चौतीसातून साडेसव्वीस गेले, उरले साडेसात. म्हणजे पुढे पावणेचार आणि मागे पावणेचार. त्यात पायाची बांधणी मधल्या मापाची. तिच्यात त्याची टाच पुरती मागे बसत नव्हती, तेव्हा सगळा बूट आणखीच पुढे. एक-दोन सेंटिमीटर बाहेर आले तर काही बिघडत नाही, उलट थोडे बाहेर असावेतच, म्हणजे कडेवर जोर चांगला येतो. पण चार! वृत्तात एक मात्रा जास्त झाली तरी चरण अडखळतो. येथे तर चरणच शब्दशः ओळीबाहेर गेला होता.

आता नवे गणित. मोठ्या पायांसाठी रुंद फळ्या वेगळ्या निघतात. त्यांच्या आकड्यापुढे 'डब्ल्यू' लिहिलेले असते. 163 लांबीची, 27 कंबरेची फळी, पायाखाली 28. नवा बूट 32. दोन्ही पाय बदकासारखे बाहेर वळवून पंधरा-पंधरा अंशांत बांधले, की आडव्या दिशेने त्याची लांबी 31च्याही जरा खाली येते. (हे त्रिकोणमितीचे काम मी चिरंजीवांकडे सोपवले. माझे गणित दहावीत सुटले.) उरले तीन, दोन्हीकडे दीड-दीड. मी सौ.ला म्हणालो, "अजून रुंद घेतली तर अजिबातच बाहेर येणार नाही." पण चिरंजीव म्हणाले, तसे नको. फळी जितकी रुंद, तितकी ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला जड आणि आळशी. आठ नंबरच्या पायाने अशा फळीवर उभे राहणे म्हणजे पडाव हाकणे.

तो एक हात गळ्यात बांधून रांगोळीच्या फळीवर उभा होता. मी खाली बसून त्याच्या बोटांपाशी फूटपट्टी धरली होती. तसाच, मान वर न करता मी म्हणालो, "तुझं लक्ष होतं रे. फळीच चुकीची होती."

काही वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं, मलाच जमत नाही."

सौ. आत निघून गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

फळी गणपतीत आली, बहिणीबरोबर. एवढी लांब पिशवी पाहून टॅक्सीवाल्याने तिला "सतार का?" असे विचारले. शेजारच्या काकूंनी ती हॉलमध्ये टेकवलेली पाहिली आणि म्हणाल्या, "इस्त्रीचं टेबल छान आहे हो, कुठनं घेतलंत?" किंमत मी येथे सांगत नाही, माझे काही सहकारी हा अंक वाचतात. भाड्याने रुंद फळी मिळाली असती तर मी विकत घेतलीच नसती, हेही खरे. पण दहाच्या पुढे जग जिथे संपते, तिथे बारा नंबरवाल्याला आपले जग बरोबर घेऊन फिरावे लागते.

जानेवारीत तो पुन्हा जायचे म्हणतो. गुलमर्गला आधीच अडीच हजार मीटरच्या वर उंची. तिथून पाळण्यात बसून, दोन टप्प्यांत, अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर जाता येते. पहिला टप्पा 1998चा, दुसरा 2005चा. मी त्याला पहिल्या वर्षी दुसरा टप्पा नको असे सांगितले आहे. तो हो म्हणाला आहे. मनगटांना घालायच्या कडक पट्ट्या मी आणल्या आहेत. पण सौ.चा होकार काही केल्या येत नव्हता. तिने नाहीही म्हटले नाही. फळीवरून फडके फिरवताना ती फळीला नाइलाजाने घरात आलेल्या पाहुण्यासारखी वागवत असे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे पुजतात. हत्यारे म्हणजे विळी, कात्री, माझे पेन, आणि चिरंजीवांचा लॅपटॉप. सकाळी आंघोळ करून बाहेर आलो, तर पाटावर ही सगळी मंडळी होती, आणि मागे भिंतीला टेकून, दोन झेंडूची फुले आणि हळदकुंकवाची बोटे लेवून, फळी उभी होती.

मी काही बोललो नाही. अशा वेळी बोलू नये, एवढे मला संसाराने शिकवले आहे.

दुपारी तिनेच चिरंजीवांना हाक मारली. "ते बूट घाल बघू." त्याने घातले. "बांध." त्याने फळी सतरंजीवर ठेवून दोन्ही पाय बांधले आणि गुडघे वाकवून उभा राहिला, डोके पंख्याला लागेल म्हणून जरा जास्तच वाकला. सौ. जमिनीवर बसली. बुटाचे टोक फळीच्या बाहेर जिथे आले होते तिथे तिने आपले एक बोट आडवे धरले. मग दुसऱ्या पायाशी. मग मागे जाऊन दोन्ही टाचांशी.

"एकच बोट येतंय," ती म्हणाली.

"तेवढं चालतं, आई."

"नक्की?"

"बाबांना विचार."

तिने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा काढला, फूटपट्टी आणायला आत गेलो.